गुडघ्यातल्या बोगद्याला खुलं पत्र

बोगद्या,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची रीत आहे. तुला नमस्कार नाही आणि प्रेम तर नाहीच. तू माझ्या भाच्याच्या डाव्या गुडघ्याखाली, नडगीच्या हाडात राहतोस. तुला तिथे जागा दिली होती आठ मिलिमीटरची. सीटी स्कॅनच्या अहवालात तू पंधरा मिलिमीटरचा निघालास. लोक हे आकडे वाचतात आणि म्हणतात, दुप्पटही नाही, त्यात काय एवढं? पण तू गोल आहेस, आणि गोल भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे दिलेल्या जागेच्या साडेतीनपट जागा तू बळकावलीस. ती जागा म्हणजे पंचविशीतल्या पोराचं जिवंत, निरोगी हाड होतं. चोराला निदान चोरी करताना पकडले जाण्याची भीती असते. तुला तीही नव्हती, कारण तुझ्याकडे कोणी बघतच नव्हतं.

ज्यांच्या घरात अजून तू शिरलेला नाहीस, त्यांना तुझी ओळख करून द्यायला हवी. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना बांधणारे दोन दोर एकमेकांना छेद देऊन जातात. त्यातला पुढचा तो एसीएल. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि गुडघा पिळू न देणं, ही त्याची दोन कामं. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो, पाय मातीत किंवा मॅटवर रुतलेला असतो, कोपऱ्यातला गडी घोटा धरतो, अंग वळतं आणि गुडघा मागे राहतो. 'कट्' असा आवाज खेळाडूला स्वतःलाच ऐकू येतो. त्या दिवशी गुडघा सुजतो. पंधरा-वीस दिवसांत सूज उतरते, पोरगं चालू लागतं, घरचे म्हणतात मुरगळला होता, बरा झाला. मग जिना उतरताना गुडघा सटकतो आणि एमआरआय काढावा लागतो.

हा दोर तुटला की सहसा आपला आपण नीट जुळत नाही. सांध्यातल्या पाण्यात रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि गुठळी नाही तर भरून येण्याची सुरुवातच होत नाही. म्हणून नवा दोर बसवतात. आपल्याकडे बहुतेकदा मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगच्या दोन कंडरा काढून, दुमडून, चौपदरी करून तो तयार होतो. तो ओवायला दोन्ही हाडांत भोकं पाडावी लागतात. तू असा जन्मलास, माणसाच्या हातून, माणसाच्या भल्यासाठी. 1917 साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलचे शल्यविशारद हे-ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी अशाच बोगद्यांतून ओवून गुडघा बांधला होता. दुर्बिणीतून हे काम पहिल्यांदा करण्याचा मान 1980 साली केंब्रिजच्या डेव्हिड डँडी यांच्याकडे जातो. शंभरहून अधिक वर्षं माणसं तुझ्या भरवशावर गुडघे बांधत आली आहेत. त्या भरवशाचं तू काय केलंस, ते तुझ्या अहवालात छापलेलं आहे.

करार साधा होता. नवा दोर तुझ्यात बसवायचा, तो स्क्रूने किंवा बटनाने जागच्या जागी धरून ठेवायचा आणि तेवढ्या अवधीत तू त्याच्याभोवती आवळत यायचं. हाडातून बारीक तंतू निघून दोरात शिरले पाहिजेत, म्हणजे दोर आणि हाड एक होतात. याला वेळ लागतो. 1993 साली अमेरिकेत रोडिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पहिले आठ आठवडे दोर ओढला की तो बोगद्यातून उपटून येत होता. बाराव्या आठवड्याला ओढला तेव्हा तो बोगद्यात पक्का राहिला आणि दुसरीकडेच तुटला. म्हणजे सुरुवातीचे तीन महिने दोराला तुझा आधार नसतो, फक्त स्क्रूचा असतो. नेमक्या याच तीन महिन्यांत तू रुंदावायला सुरुवात करतोस. ज्या काळात तुझी सगळ्यात जास्त गरज, त्याच काळात तुझी फितुरी.

तू एकटा नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझ्या साथीदारांची नावं इथे घेते, कारण घरोघरी तुझं नाव निघालं की सगळा दोष एक तर डॉक्टरांवर जातो नाही तर नशिबावर.

पहिलं पाणी. आमच्या बेलवलीत रुळांखालून जाणारा भुयारी रस्ता आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि बदलापूरचा पूर्व-पश्चिम संसार दोन्ही टोकांना अडकून पडतो. त्या रस्त्याचं जे पावसात होतं तेच तुझं सांध्यातल्या वंगणाने होतं. दोर तुझ्या तोंडाशी घट्ट बसला नाही, तर दोर आणि हाड यांच्यातल्या फटीतून ते पाणी आत झिरपतं. दुखापतीनंतर आणि शस्त्रक्रियेनंतर त्या पाण्यात दाह वाढवणारी द्रव्यं असतात, ती हाड खाणाऱ्या पेशींना जागं करतात. एकदा त्या पेशी तुझ्या भिंतीला लागल्या की भिंत मऊ होते, फट वाढते आणि आणखी पाणी आत येतं.

दुसरी हालचाल. गुडघा वाकवला-सरळ केला की दोर तुझ्या आत लांबीच्या दिशेने ताणतो आणि आखडतो, शिवाय आडवाही हलतो. शल्यविशारद पहिल्याला बंजी म्हणतात आणि दुसऱ्याला गाडीच्या वायपरचं नाव देतात. दोर जिथे धरलेला असतो ती जागा तुझ्या तोंडापासून जितकी लांब, तितका मधला मोकळा दोर जास्त आणि तितकी हालचाल जास्त, असं त्यामागचं गणित आहे. 2006 साली सशांवरच्या एका अभ्यासात हे नजरेस आलं. सांध्याकडच्या तोंडाशी दोराची हालचाल सर्वांत जास्त होती, तिथेच हाड खाणाऱ्या पेशी जास्त होत्या आणि तिथेच दोर उशिरा रुजत होता. आमच्या पोराच्या सीटीतही तू तोंडाशी फुगलेला आणि आत निमुळता दिसलास.

तिसरी उष्णता. तुला कोरणारा ड्रिल हाडाशी घासून तापतो. हाडाच्या पेशी 47 अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिल्या तरी इजा पोचते, हे स्वीडनमध्ये 1983 सालीच दाखवून झालं आहे. म्हणून चांगला शल्यविशारद धारदार ड्रिल वापरतो, पाण्याची धार सोडत राहतो, आणि काही जण शेवटचा अर्धा-एक मिलिमीटर कोरण्याऐवजी हाड दाबून जागा करतात. चौथा स्क्रू. विरघळणारे स्क्रू आले तेव्हा त्यांचं मोठं स्वागत झालं. ते विरघळतील आणि त्यांच्या जागी हाड येईल, अशी अपेक्षा होती. कित्येकांत स्क्रू वर्षानुवर्षं राहिला, विरघळला तरी जागा पोकळ राहिली, आणि धातूच्या स्क्रूपेक्षा या स्क्रूंभोवती तू जास्त रुंदावलास असं अनेक अभ्यासांत आढळलं. पाचवी तुझी स्वतःची जागा. मांडीच्या हाडात तुला फार पुढे कोरलं तर गुडघा वाकताना दोर ताणला जातो, तुझ्या कडेवर घासतो आणि तुला रुंद करतो. इथे मात्र हात शल्यविशारदाचा असतो, म्हणून इथे मी तुझ्या बाजूने बोलायलाही तयार आहे.

आता सहाव्या साथीदाराकडे येते. त्याच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण तो आमच्या घरात, आमच्या गल्लीत, आमच्या कारखान्यात आणि आमच्या लोकलमध्ये राहतो. त्याचं नाव घाई.

बदलापूर स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून 68 किलोमीटरवर आहे. इथल्या माणसाची नोकरी त्या 68 किलोमीटरांत कुठेही असू शकते, आणि तिथवर जायचं ते गर्दीत उभं राहून, धक्के खात, पुलाचे जिने चढून-उतरून. ज्यांची नोकरी अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत, त्यांना प्रवास कमी, पण पाळीत आठ तास उभं राहायचं. कंत्राटी कामगाराला भरपगारी रजा कुठून मिळणार? भाच्याला दुसऱ्याच महिन्यात विचारणा सुरू झाली. कुबडी सुटली ना, मग येत का नाहीस? घरी येणारा प्रत्येक पाहुणा अमक्याचा पोरगा तिसऱ्या महिन्यात पळायला लागल्याची बातमी घेऊन आला. त्याच्या कबड्डी संघातल्या मुलांनी स्पर्धेची तारीख सांगितली. फिजिओची प्रत्येक खेप पैशांची, त्यात कामावरचा खाडा. ती बंद झाली आणि मोबाइलवरचे व्यायाम सुरू झाले. त्यात उठाबशा होत्या आणि उड्याही.

कोणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून सांगते. शस्त्रक्रियेनंतर गुडघा लगेच सरळ करायला शिकवतात, वाकवायला लावतात, आधाराने पायावर वजन टाकायला लावतात. ते बरोबर आहे. तसं केलं नाही तर गुडघा आखडतो आणि मांडीचा स्नायू सुकतो. तुला ज्याने बळ मिळतं ते वेगळं. दोर रुजण्याआधीच्या उड्या, पळणं, पाय रोवून वळणं, खोल बैठका. हॅमस्ट्रिंगच्या दोरावर सुरुवातीपासून जोरकस व्यायाम दिलेल्यांमध्ये तू जास्त रुंदावल्याचं इटलीतल्या एका गटाने 2007 साली नोंदवलं आहे. आणि घाईचा फटका तुझ्यापुरताही थांबत नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर आणि नॉर्वेतल्या ऑस्लो इथल्या संशोधकांनी 2016 साली मांडलेला हिशेब प्रत्येक कबड्डी संघाच्या भिंतीवर लावायला हवा. नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण 51 टक्क्यांनी घटत गेलं.

पोरं मोठ्या खेळाडूंचे दाखले देतात. सांगलीत वाढलेली क्रिकेटपटू स्मृती मानधना 2017 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात खेळताना गुडघ्याला दुखापत करून बसली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या विश्वचषकात यजमानांविरुद्ध 90 आणि वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद 106 काढून मोकळी झाली. मला तिचा अभिमान आहे. पण तिच्या पाच महिन्यांत फिजिओची साथ होती, आणि तिला कोणी सकाळी सातच्या लोकलमध्ये ढकलत नव्हतं. कुस्तीगीर विनेश फोगाटचा दाखला आमच्या पोरांना जास्त कामाचा आहे. कुस्ती तर कबड्डीसारखीच गुडघ्याची परीक्षा घेते. तिच्या एसीएलवर 2023 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि पॅरिस ऑलिंपिकच्या मॅटवर ती उतरली 2024 च्या ऑगस्टमध्ये. जवळजवळ वर्ष. एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठणारी बाई जवळजवळ वर्षाने ऑलिंपिकला उतरते, मग गल्लीतल्या चषकासाठी चौथ्या महिन्यात चढाई कशाला?

तुझ्याशीही न्यायाने वागलं पाहिजे, म्हणून हेही लिहिते. तू थोडाफार रुंदावलास म्हणजे गुडघा वाया गेला, असं नाही. बहुतेक अभ्यासांत तुझ्या रुंदीचा आणि गुडघ्याच्या ढिलेपणाचा थेट संबंध दिसलेला नाही. हॅमस्ट्रिंगच्या दोरानंतर तुझं थोडं वाढणं नेहमीचंच आहे. पहिल्या सहा महिन्यांत वाढून तू बहुधा थांबतोस, पुढे एक-दोन वर्षांत काही जणांत आकसतोसही. ज्याचा गुडघा घट्ट आहे, सटकत नाही, दुखत नाही, त्याने केवळ अहवालात 'टनेल वाइडनिंग' हे शब्द वाचले म्हणून झोप उडवून घ्यायचं कारण नाही. आमच्या ओळखीत एका मुलीला कोणीतरी एवढ्यावरून घाबरवलं होतं. तेही पाप आहे.

तुझा खरा गुन्हा उघडा पडतो तो दोर दुसऱ्यांदा तुटल्यावर. पहिल्यांदा दोर तुटतो तेव्हा हाड तरी शाबूत असतं. दुसऱ्यांदा तुटतो तेव्हा शल्यविशारद नवा दोर घेऊन येतो आणि त्याला रोवायला जागाच नसते. स्क्रू पकडणार कशाला? पोकळीला? तू अगदी योग्य जागी आणि नेटका असलास तर तुलाच पुन्हा वापरता येतं. तू अगदी चुकीच्या जागी असलास तर तुला सोडून शेजारी नवा बोगदा कोरता येतो. पण तू अर्धवट चुकीच्या जागी आणि वर रुंद असलास, तर नवा बोगदा कोरताच तुझ्यात कोसळतो. साधारण चौदा-पंधरा मिलिमीटरच्या पुढे तू गेलास की बरेच शल्यविशारद एका वेळी काम उरकायला नकार देतात, आणि तो नकार रुग्णाच्या हिताचा असतो. मग दोन शस्त्रक्रिया. पहिलीत जुना स्क्रू आणि तुटका दोर काढायचा, तुझ्या भिंती खरवडून रक्त येईपर्यंत साफ करायच्या आणि तुला हाडाच्या चुऱ्याने ठासून भरायचं. मग चार-सहा महिने थांबायचं. पुन्हा सीटी. तू बुजलास तर दुसरी शस्त्रक्रिया, नवा दोर, आणि पुन्हा पहिल्यापासून नऊ महिने. तरुण माणसाच्या आयुष्यातली दोनेक वर्षं तू अशी खातोस. या काळात नोकरी टिकेल का, ठरत आलेलं लग्न थांबेल का, म्हाताऱ्या वडिलांनी पुन्हा कामाला जायचं का, यातलं काहीच सीटीत दिसत नाही.

भरायला लागणारं हाड बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढतात, म्हणजे आणखी एक जखम. दुसरा मार्ग दात्यांच्या हाडाचा. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1988 पासून ऊतिपेढी चालते. दान आलेलं हाड तिथे स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून शस्त्रक्रियेसाठी दिलं जातं. नेत्रदान आपल्याकडे घरोघर माहीत आहे. हाडही दान करता येतं, हे आमच्या गल्लीत मी विचारलं त्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. तुला भरून काढणारं हाड एखाद्या अनोळखी माणसाच्या कुटुंबाने दुःखाच्या घडीला दिलेलं असू शकतं. तू घेतलंस, त्यांनी दिलं.

आता तुझ्या लपण्याच्या जागेबद्दल. इतके दिवस तू लपलास तो हाडात नाही, कागदात लपलास. भाच्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या डिस्चार्ज कार्डवर एकच ओळ होती. एसीएलची दुर्बिणीतून पुनर्रचना केली, रुग्णाची प्रकृती स्थिर. दोर कोणता, किती जाडीचा, तुला किती रुंद कोरलं होतं, वर बटन की स्क्रू, खाली स्क्रू धातूचा की विरघळणारा, त्याचं माप काय, यातलं एक अक्षर नाही. आठ मिलिमीटरचा आकडा आम्हाला मिळाला तो दुसऱ्या डॉक्टरांनी चिकाटीने जुन्या फाइलमागे लागून मागवला म्हणून. तो मिळाला नसता तर तू आधीपासूनच पंधराचा होतास, असं कोणीही सांगितलं असतं आणि आम्ही मान डोलावली असती.

म्हणून बेलवलीत आणि बेलवलीबाहेर, ज्यांच्या घरी ही शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांना मी तुझ्यादेखत सांगते. घरी जायच्या आधी डॉक्टरांकडून हे पाच आकडे-शब्द लिहून मागा. दोर कोणता, त्याची जाडी, दोन्ही बोगद्यांची रुंदी, वर काय बसवलं, खाली काय बसवलं. स्क्रूच्या आणि बटनाच्या पाकिटावर स्टिकर असतो, तो फाइलीत चिकटवतात. त्याची प्रत मागा, फोटो काढून ठेवा. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा, कारण पुढे तुझी रुंदी त्याच्याशीच ताडून बघायची असते. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. आम्हाला भेटलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी न मागता सगळं लिहून दिलं आणि वर बोगद्याचं चित्रही काढून दाखवलं. आणि गुडघा पुन्हा सटकू लागला, दुसऱ्या शस्त्रक्रियेची भाषा सुरू झाली, तर विचारा की तुला मोजलं का. एमआरआयमध्ये दोर चांगला दिसतो, साध्या एक्स-रेत तुझी कड पुसट असते. तुझं खरं माप सीटी देतो. न मोजता दुसरी शस्त्रक्रिया करायला निघालेल्याला थांबवायचा हक्क रुग्णाला आहे.

माझ्या भाच्याच्या गुडघ्यातला तुझा मुक्काम आता संपत आला आहे. स्क्रूचे तुकडे बाहेर आले आहेत, तुझ्या भिंती खरवडल्या गेल्या आहेत, तुझ्यात हाड भरलं आहे. या वेळी त्याच्या कामाच्या ठिकाणी मी स्वतः जाऊन साहेबांना डॉक्टरांचं पत्र दिलं आणि तारीख डॉक्टर ठरवतील, आम्ही नाही, हे सांगून आले. संघाच्या पोरांनाही घरी बोलावून सीटी दाखवला. त्यातल्या दोघांनी आपले गुडघे चाचपले आणि एकाने सटकत असल्याचं कबूल केलं. त्याचा एमआरआय पुढच्या आठवड्यात आहे.

तुझा पुढचा सीटी दिवाळीनंतर. तू पुरता बुजलेला दिसलास तर नवा दोर बसेल. नाही दिसलास तर आम्ही आणखी थांबू, आणि पुन्हा मोजू.

भाच्याची मावशी,
बेलवली, बदलापूर पश्चिम